भिंतीवरचं मीठ
तळवलीच्या घरात, बाबांच्या पलंगामागच्या भिंतीला पांढरा लोणा फुटलाय. तो पाहून इजिप्तची सहल आठवली. कंबर मोडेपर्यंत वाकत आम्ही गाईडमागून पिरॅमिडच्या आतल्या दगडी खोलीत पोचलो. तरुणपणी मिठागरात राबलेल्या बाबांनी भिंतीवरचा पांढरा थर बोटाने चक्क चाखला. "मीठ हाय!" बाबा म्हणाले. गाईड आधी त्यांच्यावर ओरडला, मग म्हणाला, बघायला येणाऱ्यांच्या श्वासातल्या ओलाव्याने दगडातलं हे मीठ भिंतीवर येतं. मी ते बाबांना सांगितलं, तर त्यांनी लगेच नाकातोंडाला रुमाल लावला. "मेलेल्या मानसाचा घर हाय, खराब कशाला करायचा?" बाहेर येईपर्यंत रुमाल काढला नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं. काल रंगारी भिंत खरवडायला आला, तेव्हा मी म्हटलं, "पलंगामागचं तेवढं राहू दे."