भनपुरीची शेड आणि चार चाकांची स्कूटर

गाडी उघडून परत जोडली की दोन-चार बोल्ट उरतातच. कुठले, ते कोणालाच सांगता येत नाही. गाडी तर सुरू झालेली असते, त्यामुळे पुन्हा उघडायची हिंमतही कोणी करत नाही! असे उरलेले बोल्ट आम्ही बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात टाकतो. किस्स्यांचंही असंच होतं. दुरुस्ती संपते, गाडी मालकाबरोबर जाते आणि आमच्याकडे काहीतरी उरतंच. आता डबा फार जड झालाय, म्हटलं जरा ओतून बघू.

आम्ही म्हणजे तिघं. भास्करभैया सरकारी ऑफिसात आठवडाभर फायली सरकवतो आणि रविवारी इंजिनं. त्याच्या वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता. ट्रक गेले, शहराच्या टोकाला भनपुरीत पत्र्याची शेड राहिली, तीच आमची जागा. दुसरे डॉक्टर पुराणिक, होमिओपॅथीवाले. तिसरा मी. पंडरीच्या बाजारात माझं कापडाचं होलसेल दुकान आहे. या मंडळात माझं मुख्य योगदान म्हणजे हात पुसायच्या चिंध्या! इंजिनातलं मला बेताचंच कळतं, पण इंजिनासमोर माणसं कशी वागतात ते बघायला मला फार आवडतं. सिनेमाचं तिकीट काढायची गरज पडत नाही.

* * *

डॉक्टर आमच्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट. भास्करच्या ऑफिसातले एक साहेब मोटारसायकल घेऊन आले. गाडी मस्त चालायची आणि मध्येच बंद पडायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू.

"कार्बोरेटर!" भास्कर म्हणाला. तो गाडी न बघताच असं म्हणतो. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच निदान आहे. पाना हातात घेऊन तो खाली बसलासुद्धा.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "आधी केस घेऊ."

त्यांनी स्टूल ओढलं, साहेबांना समोर बसवलं आणि दवाखान्यात विचारतात तसं विचारायला लागले. त्रास कधीपासून? उन्हात वाढतो की सावलीत? सकाळी जास्त की संध्याकाळी? चढावर धाप लागते का? साहेब आधी गोंधळले, मग रंगात येऊन स्वतःच्याच गुडघ्याचं सांगायला लागले. डॉक्टरांनी त्यांना हळूच परत गाडीवर आणलं.

"आराम कशानं पडतो?"

साहेबांनी विचार केला. "पेट्रोल भरलं की बराच वेळ काही होत नाही."

"पेट्रोलनं आराम पडतो, की झाकण उघडल्यानं?"

आम्ही सगळे झाकणाकडे बघायला लागलो. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत हवा शिरायला हवी, म्हणून झाकणाला एक बारीक भोक असतं. त्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं! पक्कं, गुळगुळीत, एकदम हवाबंद. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. झाकण उघडलं की तेवढ्यापुरती हवा आत जायची.

डॉक्टर खूश, साहेब थक्क. मी ती माती चिंधीवर घेऊन उन्हात बघत बसलो. एवढ्याशा भोकात एवढी कारागिरी! भास्करचं तोंड मात्र उतरलं होतं. जरा वेळानं म्हणाला, "पेट्रोल कुठं पोचत नव्हतं? कार्बोरेटरमध्ये ना? मग मी काय वेगळं बोलून राहिलो होतो?"

* * *

दुसऱ्याच्या गाड्या किती दिवस दुरुस्त करायच्या, आपली एक गाडी बनवू, असं भास्करच्या डोक्यात आलं. पाण्याच्या पंपाचं इंजिन, भंगारातले पाइप, कुठल्याशा जुन्या स्कूटरची चाकं. सीट म्हणून भास्करनं घरची ऑफिसखुर्ची आणली. तिचे पाय कापले आणि वरचा भाग गाडीवर बसवला.

पहिली चक्कर अर्थात त्याचीच. दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, धूर निघाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. गाडी सरळ गेली, अगदी झकास. शेडच्या टोकाला भास्करनं हँडल वळवलं आणि आमच्या लक्षात आलं की खुर्ची फिरती आहे.

गाडी पुढे चालली होती आणि भास्करचं तोंड आमच्याकडे!

"ब्रेक मार!" डॉक्टर ओरडले.

"ब्रेक माग्गं राहिला ना बे!"

शेजारच्या राइस मिलच्या बाहेर धानाच्या भुश्याचा डोंगर असतो. गाडी त्यात शिरली आणि गप झाली. आम्ही भास्करला पायाला धरून ओढून काढलं. डोळ्यांतला, कानांतला भुसा झटकत त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पण पिकअप पाह्यला का?"

* * *

हा किस्सा डॉक्टरांनी दवाखान्यात विद्याताईंना सांगितला. विद्याताई त्यांच्या पेशंट, राहायला चौबे कॉलोनीत. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. पोटभर हसल्या आणि मग म्हणाल्या, "जे लोक खुर्ची पळवू शकतात, त्यायले माही स्कूटर जमन का?"

पुढच्या रविवारी त्या शेडवर आल्या. बरोबर मुलगा निशांत. विद्याताईंचं घरात पडून कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण डावा पाय कडक राहिला, कंबरही वाकेना. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी स्कूटरवर काढलेली.

"चालवता येते मले," त्या म्हणाल्या. "गाडी चालू असली की मी कोणाच्या बापाले ऐकत नाही. थांबली की पाय टेकता येत नाही, मग पडते. बस, एवढंच आहे."

निशांतला मराठी सगळं कळतं, पण बोलतो हिंदीच. "मम्मी, कैब है ना. एक बटन दबाना है, बस."

"हव. अन् मग कुठं चालली ते सांग, कवा येशील ते सांग. तुह्या फोनवर माही गाडी फिरताना दिसते म्हणे." त्या आमच्याकडे वळल्या. "मले कुठं जायचं हे आधी कोणाले सांगावं लागू नये, एवढी गाडी करून द्या."

मला त्या बाईंचं म्हणणं फार आवडलं. इतकी वर्षं गाड्या बघतोय, पण कोणी गाडी कशासाठी हवी ते इतकं साफ सांगितलं नव्हतं.

निशांतचा जीवही आईत अडकलेला, ते दिसत होतं. ती पडली तेव्हा तो घरी नव्हता, हे त्यानं आम्हाला न विचारता सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "ठीक है। लेकिन एक बार भी बीच रास्ते में बंद पड़ी, तो मैं बेच दूँगा।"

"मंजूर," विद्याताई म्हणाल्या.

* * *

स्कूटर बिनागिअरची, दोन्ही ब्रेक हातात, त्यामुळे पायाचं काम नव्हतंच. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक लावायचं होतं. कागदपत्रांचं निशांतनं बघितलं, लोखंडाचं भास्करनं. चाकं लागली आणि स्कूटर स्टँडशिवाय उभी राहिली. आता ट्रायल!

भास्कर बसला, शेडबाहेर निघाला, वळणावर नेहमीसारखा झोकात कलला. भास्कर कलला, स्कूटर कललीच नाही. चार चाकांची गाडी कशी कलणार? ती सरळ जाऊन राइस मिलच्या भिंतीशी थांबली. मग डॉक्टर गेले, तेही सरळ. मग मी. मी तर वळणाच्या आधीपासूनच कलत होतो, तरी भिंतीशीच!

विद्याताई खुर्चीत बसून शेंगदाणे खात होत्या. म्हणाल्या, "हँडल हातानं वळवा ना! कमरेनं काहून वळवून राहिले?"

आम्ही हसलो. त्या उठल्या, पाय सांभाळत सीटवर बसल्या आणि एका दमात शेडला पूर्ण चक्कर मारून आल्या. भिंत लांबच राहिली.

"ताई, कसं काय जमलं?" भास्करनं विचारलं.

"माही कंबर वळतच नाही ना. म्हणून जमलं."

* * *

आणि मग ती बंद पडायला लागली.

विद्याताईंना सीट उंच वाटायची, म्हणून भास्करनं सीटखालचा डबा काढून सीट खाली घेतली होती. त्यानंतर त्या बसल्या की दोन चकरांमध्ये इंजिन गप. भास्कर बसला तर अर्धा तास मजेत चालायची. आमच्यात सगळ्यात वजनदार तोच, म्हणजे वजनाचाही प्रश्न नाही. फक्त बाईंनाच ओळखून बंद पडत होती!

एका रविवारी स्कूटर निशांतसमोरच बंद पडली. "देखा?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. एवढी मेहनत आणि स्कूटर विकायला निघणार!

विद्याताई सीटवरून उतरल्याही नाहीत. "काय ठरलं होतं? बीच रस्त्यात. हे शेडचं अंगण आहे. इथं रस्ता कुठं दिसते तुले?"

निशांतला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. डॉक्टरांनी तेवढ्यात स्टूल ओढलं.

"बंद पडली की तुम्ही काय करता?"

"उतरते, अन् भास्करले दोन शब्द ऐकवते."

"उतरल्यावर सुरू होते?"

"होते."

"म्हणजे उतरल्यावर आराम." डॉक्टर पुटपुटले. "तुम्ही बसता कशा?"

"कशा म्हंजे? माणसं बसतात तशी!"

"बसून दाखवा."

त्या बसल्या. डावा पाय वाकत नसल्यामुळे तो पुढे लांब करून, सीटच्या अगदी टोकावर. आम्ही तिघं मात्र मागे रेलून बसायचो. डॉक्टरांनी त्यांना उतरवून सीट उचलली. सीटच्या पुढच्या टोकाखालचा एक बोल्ट बरोबर पेट्रोलच्या नळीवर येत होता. नळीवर त्याचा वळ उमटलेला. त्या टोकावर बसल्या की नळी दाबली जायची आणि पेट्रोल बंद!

भास्करनं नळीकडे बघितलं, ती पुढे कुठे जाते ते बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"कार्बोरेटरचं नाव काढशील तर याद राख," विद्याताई म्हणाल्या.

* * *

नळी बाजूनं फिरवली. आता खरी ट्रायल, निशांतसमोर, रस्त्यावर. रविवारची दुपार होती, ट्रक कमी होते. ठरलं असं की शेडपासून समोरच्या धर्मकाट्यापर्यंत जायचं, जिथे भरलेले ट्रक वजन करायला थांबतात, आणि वळून परत यायचं. शेडच्या दारातून तेवढा रस्ता सगळा दिसतो.

"मैं पीछे-पीछे आता हूँ," निशांत बाइक काढत म्हणाला.

"काही गरज नाही. इथून दिसते सगळं."

त्यांनी पदर खोचला, हेल्मेट घातलं आणि निघाल्या. आम्ही दारात ओळीनं उभे. धर्मकाटा आला. त्यांनी इंडिकेटर दिला, अगदी व्यवस्थित, आणि वळल्या. पण आमच्या बाजूला वळल्याच नाहीत! मोठ्या रस्त्याकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"येतील, पुढून वळून येतील," डॉक्टर म्हणाले.

आल्या नाहीत. निशांतनं फोन लावला तर तो आमच्या मागेच वाजला. पर्स त्या खुर्चीवरच ठेवून गेल्या होत्या.

मग आम्ही सगळे निघालो. निशांत एकीकडे, भास्कर दुसरीकडे, डॉक्टर आणि मी तिसरीकडे. रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली स्कूटर शोधत होतो. पंक्चरवाल्यांना विचारलं, ढाब्यावर विचारलं. चार चाकांची स्कूटर कोणीही विसरणार नाही, पण कोणी बघितलीच नव्हती. त्या नळीशिवाय माझ्या डोक्यात काही नव्हतं.

हरून शेडवर परतलो. भास्करही आला होता. निशांत खुर्चीवर बसला होता, आईची पर्स मांडीवर घेऊन. "मैंने ही बोला था ना, बंद पड़ी तो बेच दूँगा," तो म्हणाला. "बंद पड़ी होगी। इसीलिए नहीं आ रही।" त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्या हातात चिंधी दिली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आवाज आला. आधी भास्करनं मान वर केली, मग आम्ही सगळ्यांनी. धर्मकाट्याच्या बाजूनं एक मोठा ट्रक येत होता आणि त्याच्या पुढे, रस्त्याच्या मधून, विद्याताई!

शेडमध्ये येऊन त्यांनी इंजिन बंद केलं. चारही चाकांना लाल मुरमाचा चिखल होता. साडीचा काठ धुळीनं भरलेला, आणि स्कूटरच्या हुकाला पळसाच्या पानांत बांधलेलं काहीतरी लटकत होतं.

निशांत धावतच गेला. त्याला मराठीत बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"आई, कुठं गेली होती तू?"

विद्याताईंनी हेल्मेट काढलं. कपाळावरचा घाम पदरानं पुसला. मग किल्ली काढून भास्करच्या हातात दिली.

"हॉर्न बहुतच बारीक बसवला रे भास्कर. ट्रकवाले ऐकूनच नाही राहिले. मोठा लाव!"