तिघांचं पाकीट

दुपारी धारूरला अँटीव्हायरस आणायला गेले होते. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

आई-बाबा ऊसतोडीला गेलेत. घरात मी आणि माझा कॉम्प्युटर, त्यात परीक्षेच्या सगळ्या नोट्स. सायबर कॅफेत लावलेल्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, म्हणून घाबरून दुकान गाठलं.

दुकानदार सलीमभाई म्हणाले, "ताई, एकाचंच का म्हून घेता? तिघांचं पाकीट घ्या, तीन कॉम्प्युटरला चालतंय, लई स्वस्त पडतंय. इथं सगळे वाटूनच घेतात. दोन मैत्रिणींची नावं सांगा, त्यांच्या कॉम्प्युटरवर मी टाकून देतो."

मी आठवू लागले. शाळेतल्या मैत्रिणी लग्न होऊन गेल्या, काही तोडीला. कॉलेजातल्या मुलींशी नोट्सपुरतंच बोलणं. एकही नाव ओठांवर येईना.

मग मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "यावर लिहिलंय, तिन्ही कॉम्प्युटर एकाच घरातले पाहिजेत. दुसऱ्यांना देता येत नाही."

शेजारी उभा असलेला एक जण हसला. "शिकल्याली माणसं वाटून खात न्हाईत, सलीमभाई."

"गप बे, ताईचं खरं हाय," म्हणत सलीमभाईंनी मला कौतुकानं एकाचं पाकीट दिलं.

नियम खराच होता. पण दोन नावं आठवली असती, तर मी ते पाकीट उलटं केलं असतं का, हे परतीच्या जीपमध्ये बसल्यापासून मला कळत नाहीये.

तुम्हाला कोणी अशी अचानक दोन नावं विचारली, तर लगेच सांगता येतील?