रावेरच्या केळीवाल्यांचा नवस

आम्ही दोघं आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट. जळगावच्या दवाखान्यात शेजारी-शेजारी सलाईन चालायचं. रावेरचे हे केळीवाले पिकलेलं केळं दाबून बघावं तशी अंगठ्याने स्वतःची शीर दाबून नर्सला दाखवायचे. दोघांपैकी एकाची तरी गाठ जाईपर्यंत चपला घालायच्या नाहीत, हा त्यांचा नवस.

प्रतिकारशक्तीला जागं करणारं नवं औषध मला लागू पडलं. त्यांची गाठ त्या जातीची नव्हती. त्यांना साधी केमोच, आणि गाठ अजून तिथेच.

काल माझा स्कॅन स्वच्छ आला.

"गेली का गाठ, भाऊ?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "तशीच आहे."

"व्हईन बठ्ठं बरं," म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मेच्या उन्हात तापलेल्या डांबरावर अनवाणी उतरले.