कुलूप काढलेलं रान

त्या खेळाचा एक नियम मला अजूनही दुपारच्या झोपेत दिसतो. तिथं खेळणारा माणूस फोन बंद करून आपल्या कामाला निघून गेला, तरी त्याचं तिथलं शरीर तिथंच राहतं, झोपलेलं. जिथं शेवटचा टेकला, तिथं. त्याच्यावर ऊन पडतं, पाऊस पडतो, शेजारून कोल्हा हुंगून जातो. तो परत येईपर्यंत उठत नाही. आणि मधल्या काळात कुणी येऊन त्याला मारलं, तर ते नाव कायमचं संपलं.

माझी थोरली जाऊ तिथल्या एका कोपीत, गवताच्या झोपडीत, वर्षभर अशी झोपून होती. खरी जाऊ पुण्यात होती.

ताडकळसच्या आमच्या घरात दोन भाऊ, दोन जावा आणि एकच चूल. मी सकाळच्या शाळेत संगणक शिकवते. घरी यायला बारा वाजतात, मग जेवण, भांडी, आणि त्यानंतर जी दुपार उरते ती आमची दोघींची. जावेला मी अक्का म्हणते. त्यांचं माहेर लातूरकडचं, बोलणं ठणठणीत, आणि गावाबाहेर फारसं कधी जाणं नाही. मी लॅपटॉपवर खेळत बसायची, त्या शेजारी गवार मोडत बसायच्या. एक दिवस गवार बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला बी शिकव की गं. एकटीच कामून हिंडायलीस?"

त्यांच्या फोनवर खेळ घालून दिला. जगभरचे लोक एकाच वेळी जिथं वावरतात, त्यातला तो होता. अशा खेळांच्या दोन जाती असतात. एकीला थीम पार्क म्हणतात, दुसरीला सँडबॉक्स. मी वर्गात शिकवते तशी फरक समजावायला लागले. अक्कांनी मध्येच हात वर केला. "वाळूची पेटी? मग पूर्णा नदीला काय वाळू कमी हाय का?"

पहिला खेळ थीम पार्कच्या जातीचा होता. सगळं देखणं. किल्ले, धबधबे, सोनेरी पानांची झाडं. डोक्यावर बाण, बाण म्हणेल तिकडं जायचं. वाटेत एक म्हातारी रडत उभी असते, तिची टोपली लांडग्यांनी पळवलेली असते. लांडगे मारायचे, टोपली आणून द्यायची, म्हातारी आशीर्वाद देते, शिंग वाजतं, आपण एक पायरी वर. अक्कांनी मन लावून टोपली आणली. दुसऱ्या दिवशी बघतात तर म्हातारी त्याच जागी, तेच रडणं.

"अगं, कालच दिली की हिची टोपली!"

मी सांगितलं, तुम्ही दिलीत, आता दुसऱ्या खेळणाऱ्यांसाठी रडते आहे. इथं राक्षस सगळ्यांसाठी वेगवेगळा मरतो आणि पुन्हा उठतो. बनवणाऱ्याने पाळणे उभे केलेत, आपण फक्त बसायचं. अक्कांनी फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "हे तर सासरच हाय. हे आण, ते ठिव, शाबास. आन् उद्या पुन्हा पहिल्यापासनं." त्या दिवसापासून त्या खेळाला त्या जत्रा म्हणायला लागल्या. चार दिवस पाळण्यात बसावं, पण जत्रेत कुणी राहतं का, असा त्यांचा सवाल होता.

म्हणून दुसरा खेळ. तिथं बाण नाही, म्हातारी नाही, नकाशासुद्धा नाही. अंगावर एक फाटकं कापड, आणि माणूस समुद्राच्या काठावर उभा. पुढं काय करायचं, हे सांगणारं कुणी नाही. मी गांगरले, खरं सांगते. मला कुणीतरी सांगितलेलं बरं वाटतं. अक्कांनी मात्र मोठा श्वास घेतला. "डोंगुर डाव्या हाताला ठिव अन् चाल," म्हणाल्या. "काळी माती दिसली की थांबू."

आम्ही कितीतरी दुपारी नुसत्या चालत होतो. बाहेर कडुनिंबाची सावली सरकायची, स्टँडवर बस येऊन हॉर्न द्यायची, आणि फोनमध्ये संध्याकाळ व्हायची. कधी कधी मला डुलकी लागायची. जागी झाले की कळायचं नाही, मघाशी पायाखाली वाजलं ते वाळलेलं गवत तिथलं होतं की आमच्या अंगणातलं. एकदा अक्कांनी मला हलवून विचारलं, "नदी वलांडली का गं आपुन?" आणि मी अर्धवट झोपेत पदर वर खोचला. त्या इतक्या हसल्या की सासूबाई आतून काय झालं म्हणून बघायला आल्या.

काळी माती सापडली. तिथं आम्ही रान केलं. त्या खेळात तोडलेलं झाड तोडलेलंच राहतं, खणलेली विहीर सगळ्यांना दिसते, आणि चोर आला तर खरंच नेतो. त्यासाठी कुंपणाला कुलूप लावायची सोय होती. अक्कांनी ज्वारी पेरली, बैलजोडी केली, कडब्यासारख्या गवताची कोप उभारली. आणि चारी बाजूंनी बांध घातले. खेळात बांधाचा काडीचा उपयोग नाही. पिकातून कितीही पळा, पीक तुडवलं जात नाही. येणारेजाणारे सगळे सरळ मधून जायचे, मीही जायची. अक्का मात्र विहिरीला जायचं तरी बांधावरून वळसा घालून जायच्या. मी वैतागायची. माझं डोकं तसंही लवकर तापतं.

"अक्का, इथं पीक तुडत नाही. कितीदा सांगू?"

"तिथं न्हाई तुडत. माझ्या जिवात तुडतंय की."



मग येळवस आली. वेळ अमावास्या. अक्कांच्या माहेरी त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. कोप करतात, पाच दगड मांडून पांडव पूजतात, मिसळ भाज्यांची भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खातात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. आमच्याकडे इतकं नसतं. अक्का मात्र दरवर्षी आम्हाला शेतात घेऊन जायच्या आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून बोलवायच्या. त्या दिवशी शेतावरून परतल्यावर त्यांनी फोन हातात घेतला, म्हणाल्या, "आता तिकडली येळवस," आणि मी बघते तोवर कुंपणाचं कुलूप काढून टाकलं. वर सगळ्यांना दिसेल अशी पाटी लावली: जेवायला या.

ते खेळणारे कोण कुठले! त्या जगात उघडं फाटक दिसलं की लोक कुऱ्हाडी घेऊन येतात. असली चूक आमच्या अक्काच करू शकतात. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "कुलपात येळवस होत नसती."

लोक आले. कुणाला पाटी वाचता येत नव्हती, पण मांडलेली पानं दिसत होती. काही जण दुरूनच बघून गेले. काही बसले, जेवले, नाचले. एकजण टोपलीभर मासे ठेवून गेला, आम्ही मागितले नव्हते. शेवटी दोघं आले, पोटभर जेवले आणि आमची बैलजोडी सोडून घेऊन गेले. मी किंचाळले. त्या दोघांना शिव्या घातल्या, मग अक्कांना बोलले, तोंडाला येईल ते बोलले. अक्का उरलेलं झाकून ठेवत होत्या. "नेले तर नेले," म्हणाल्या. "जेवून गेले का न्हाई?"

खऱ्या शेतात मात्र त्याच हिवाळ्यात बांधावरून पेटलं. भावाभावांची वाटणी झाली आणि मधला बांध नांगराच्या एका तासानं, एका चरीनं, इकडं की तिकडं, यावरून माझा नवरा आणि थोरले दीर एकमेकांची तोंडं बघेनासे झाले. दोघंही शिकलेले, दोघंही समजूतदार, आणि जागा किती, तर एक पाऊल नीट मावणार नाही एवढी. दिरांनी आपला वाटा बटईनं दुसऱ्याला कसायला दिला, पुण्यात नोकरी धरली आणि टेम्पो बोलावला. सामान भरून झालं. अक्का पुढं चढून बसल्या, काच खाली केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रान संबाळ गं."

फोन आधी कुणी करायचा, हा दोन घरांच्या मानाचा प्रश्न झाला. मी मान गुंडाळून ठेवला आणि केला. त्यांच्या मागून दिरांचा आवाज येत होता. "बरं हाय आमचं. ठिवते," एवढंच बोलल्या. पुढे तो नंबर लागेनासा झाला. घरात त्यांचं नाव निघालं की नवरा ताटावरून उठायचा. मला त्यांची इतकी आठवण यायची की गवार आणणंच बंद केलं.

दुपारी मी त्या रानात जायची. अक्का कोपीत झोपलेल्या असायच्या, पाटीच्या दिवशी नेसलेल्या हिरव्या लुगड्यात. झोपलेल्या माणसाला तिथं उचलून दुसरीकडं ठेवता येत नाही, पांघरूण तेवढं घालता येतं. मी ते घातलं. कुंपण दुप्पट उंच केलं, कुलूप मोठं बसवलं. ज्वारी पेरली, कापली, पुन्हा पेरली. एकटीला त्या मोकळ्या जगात फार मोकळं वाटायचं, आणि ते चांगलं नव्हतं. मग मी जत्रेत जाऊन बसायची. म्हातारीला टोपली आणून द्यायची. उगाच नावं ठेवली होती आम्ही त्या जत्रेला. ज्याचं माणूस गेलंय, त्याला पुढचं काम सांगणारा बाणसुद्धा आधाराचा वाटतो. पण तिथं अक्का कुठं झोपलेल्या नव्हत्या.

पुन्हा येळवस आली. नवऱ्याला शेतात जायची इच्छा नव्हती. मी शाळेतून येऊन वाटीभर भज्जी केली, देवापुढं ठेवली आणि लॅपटॉप उघडला. रानात पाच दगड मांडले, पानं मांडली. मग फाटकापाशी येऊन उभी राहिले.

कुलूप काढायचं तर अक्का उघड्यावर पडणार होत्या. बैल नेणाऱ्यांसारखं कुणी आलं तर अक्कांना नेणार नाही, मारील. नुसती गंमत म्हणून मारील. आणि माझ्याकडे त्यांचं म्हणून तेवढंच उरलं होतं. मी हात मागं घेतला. कोपीकडं बघितलं. रान सांभाळ म्हणाल्या होत्या, आणि सांभाळायचं म्हणजे कुलूप लावायचं असं मी वर्षभर धरून चालले होते. पण ज्या रानात येळवशीला परका माणूस येऊ शकत नाही, त्याला अक्का रान तरी म्हणाल्या असत्या का?

कुलूप काढलं. पाटी लावली.

बाहेर ऊन कलत होतं, तिथं सकाळ होती. दोघं आले, जेवले, गेले. मग बराच वेळ कुणी नाही. माझे डोळे मिटायला लागले होते तेव्हा टेकडीवर एक आकृती दिसली. अंगावर फाटकं कापड, म्हणजे समुद्राच्या काठावरून आलेलं नवं माणूस. डोक्यावरचं नाव अनोळखी. हातात मात्र कुऱ्हाड होती. फाटकाशी थांबलं, पाटी वाचल्यासारखं उभं राहिलं. मग आत आलं. कोप समोर होती, मधे ज्वारी, सरळ धावलं तर चार ढांगा. मी कोपीच्या तोंडाशी आडवी उभी राहिले.

ते माणूस उजवीकडं वळलं. बांधावर चढलं. आणि एकेक पाऊल टाकत, रानाला पूर्ण वळसा घालून, बांधाबांधानं यायला लागलं.

मला समोरचं दिसेना. मी पदरानं डोळे पुसायची आणि ते परत भरायचे. ते माणूस माझ्यापुढं येऊन थांबलं, कुऱ्हाड खाली ठेवली. पडद्यावर अक्षरं उमटली.

"जुना फोन पडून फुटला. पासवर्ड कुणाच्या ध्यानात राहतोय? नवं नाव घेतलं."

मी कसंबसं लिहिलं, "अक्का, वाट कुणी दाखवली?"

"कुणी न्हाई. डोंगुर डाव्या हाताला ठिवला."

मग त्या कोपीत डोकावल्या. आत हिरव्या लुगड्यातली बाई माझ्या पांघरुणाखाली झोपली होती. फाटक्या कापडातल्या अक्का तिच्या उशाशी टेकल्या.

"हिला जप," त्यांनी लिहिलं. "लय दमलीया. आन् आता वाढ की, वर्षाची उपाशी हाय मी."

मी पानं तीन मांडली, त्यातलं एक कोपीत.