योग्य पर्यायावर थांबणारा आवाज

माझ्या मुलीला नर्स व्हायचं आहे. बारावीनंतर तिने प्रवेश परीक्षा दिली तेव्हा जीवशास्त्र चांगलं गेलं, पण नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूडच्या भागात ती घसरली. तिथे पाठांतर चालत नाही. एक प्रसंग देतात, चार पर्याय देतात आणि विचारतात, तुम्ही आधी काय कराल? तिने एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं. मी हो म्हटलं, पण अट घातली. एकच वर्ष. नाही जमलं तर मुकाट्याने बी.कॉम.ला नाव घालायचं. अट माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे केलं त्याच्या मुळाशी ती अट आहे.

मी आमच्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असल्यामुळे दुपार मोकळी मिळायची. आमच्या इमारतीशेजारी दिवसभर नव्या इमारतीचा पाया ठोकायचं, पायलिंगचं काम चालू, शिवाय लाइटचा भरवसा नाही. म्हणून आम्ही दोघं स्कूटरवरून गिरीज गावात माझ्या भावाच्या वाडीत जायचो. पंपाच्या खोलीच्या सावलीत चटई टाकायचो. केळींना नुकतं पाणी सोडलेलं असलं की तिथे जरा गार वाटायचं. प्रश्नांचं जाड गाइड माझ्या हातात असायचं, कारण उत्तरं मागच्या पानांवर होती आणि ती तिला दिसायला नकोत. मी आधी मागे उत्तर बघायचो, त्या पानात बोट ठेवायचो आणि मग प्रश्न वाचायचो.

"वॉर्डात तू एकटी आहेस. अ, पाय मोडलेला तरुण, वेदनेने ओरडतोय. ब, सलाईन संपत आलेली बाई. क, दम्याचे आजोबा, मघापासून धापा टाकत होते, आता गप्प पडलेत, झापड आल्यासारखे. ड, घरी जायची परवानगी मिळालेला रुग्ण, कागदांसाठी भांडतोय. आधी कोणाकडे जाशील?"

"क."

"का?"

"ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू आहे. आजोबा दमून गप्प झालेत, ते वाईट."

मी खूश. वीसपैकी अठरा, कधी एकोणीस. उत्तर एकदा कळलं की त्याचं कारण शोधायला वेळ लागत नाही, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या लक्षात आलं नाही.

क्लासमध्ये दर शनिवारी कॉम्प्युटरवर सराव परीक्षा व्हायची. तिथे तिला वीसपैकी नऊ पडले, पुढच्या शनिवारी आठ. ती घरी आली, चप्पल काढली आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "पप्पा, तुमच्यासमोर येतं सगळं. तिथे स्क्रीन उघडली की डोकंच चालत नाही." तिच्या आईने मीठमिरच्यांनी तिची दृष्ट काढली. मी तिला सकाळी गच्चीवर दीर्घ श्वास घ्यायला लावले. तिचं जेवण कमी झालं. मुलगी घाबरते, एवढंच आमचं निदान.

परीक्षेला वीस दिवस होते. रविवारची सकाळ होती. ती आंघोळीला गेली होती आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती. मी त्या दिवशीचे प्रश्न जरा मोठ्याने वाचून बघत होतो.

"ब," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? मधुमेहाचा प्रश्न आहे."

"काही कळत नाहीये. ब."

मागे बघितलं. ब बरोबर होतं. मी पुढचा वाचला. तिने करंदीवरून नजर न उचलता सांगितलं, "ड." तेही बरोबर. सहापैकी पाच तिने ओळखले.

"अगं, पण कसं?"

"अहो, बरोबर उत्तर आलं की तुम्ही थांबता. आवाज खाली आणता. साहेब तपासणीला आले की वर्गात करता ना, तस्संच. तुमच्या अख्ख्या शाळेला माहितीये ते." आणि ती हसायला लागली.

मला हसू आलं नाही. खरं होतं ते. शाळेत तपासणीला साहेब आले की मुलांनी गप्प राहू नये म्हणून आम्ही शिक्षक हे करतो. ओठ किंचित दाबायचे, योग्य शब्दावर जोर द्यायचा, चुकीच्या पर्यायावरून घाईने पुढे जायचं. मुलं बरोबर टिपतात आणि हात वर करतात. साहेब वहीत चांगला शेरा लिहून जातात. मी याला कधी फसवणूक म्हटलं नाही, मुलांना धीर देणं म्हटलं. आता तो आवाज माझ्या गळ्यात इतका मुरला होता की स्वतःच्या मुलीसमोरही तोच निघत होता. तिचं डोकं क्लासमध्ये बंद पडत नव्हतं. तिथे माझा आवाज नव्हता, एवढंच.

इथपर्यंतची चूक नकळत झालेली. यापुढची नाही.

त्या दुपारी मी एकसुरी वाचलं. नजर पुस्तकात, सगळे पर्याय एका पट्टीत. ती अडखळली. माझ्याकडे बघत राहिली, मग अंदाजाने बोलायला लागली. वीसपैकी दहा. "आता तुमच्यासमोर पण येईना," असं म्हणून तिने तोंड ओंजळीत झाकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "ऊन फार आहे आज." आणि दुसऱ्या दिवशी परत थांबलो, परत आवाज खाली आणला. सतरा आले. ती हसली, आणि मला हायसं वाटलं. तिचं ते तोंड झाकणं मला बघवत नव्हतं हे खरंच, पण एवढंच असतं तर बरं होतं. ती नापास झाली तर माझ्या अटीमुळे झाली असं होईल, याची मला भीती होती. ती भीती मी रोज एक दिवस पुढे ढकलत होतो.

असे आठ दिवस गेले. रोज स्कूटर काढताना ठरवायचो, आज सांगू. रोज येताना म्हणायचो, उद्या.

नवव्या दुपारी प्रश्न आला: नजरचुकीने एका रुग्णाचं औषध दुसऱ्याला दिलं गेलं आहे. रुग्णाला वरवर त्रास दिसत नाही. आधी काय कराल? माझं बोट उत्तरावर होतं. आधी त्या रुग्णाला तपासायचं, मग लगेच वरिष्ठांना कळवायचं. मला पर्याय वाचवेनात.

"वाचा ना पप्पा. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, मग हळूच विचारलं, "म्हणजे मला काहीच येत नाही?"

"तसं नाही गं…"

"तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यातल्या रविवारी."

तिने बोटांवर दिवस मोजले. "आठ दिवस. पप्पा, चुकून दिलंत ते वेगळं. माहीत असून पुढचे डोस पण दिलेत." ती उठली आणि वाडीच्या टोकापर्यंत चालत गेली. मी चटईवर बसून राहिलो. परतताना ती स्कूटरवर मागे बसली, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची दांडी धरली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पद्धत ठरवली. गाइड तिच्या हातात. पर्यायांवर पुठ्ठा ठेवून आधी फक्त प्रसंग वाचायचा. या माणसाला पुढच्या पाच मिनिटांत काय होऊ शकतं, ते वहीत लिहायचं. मग पुठ्ठा काढायचा. मला काम दिलं वाद घालायचं. मी उत्तर न बघता कुठलाही एक पर्याय धरायचा आणि तोच बरोबर आहे म्हणून भांडायचं.

"ताप सगळ्यात जास्त बाईला आहे. आधी तिच्याकडे जायला हवं," मी म्हणायचो.

"ताप आहे, पण बोलतेय, पाणी पितेय. बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये ते दिसलं नाही तुम्हाला? पप्पा, तुमच्या वॉर्डात कोणी वाचणार नाही."

ती हसायची, पण माझ्याकडे बघून नाही. अकरा आले, मग तेरा, मग दहा, शेवटच्या दिवशी चौदा.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर मी एका दुकानाच्या पायरीवर तीन तास बसलो. ती बाहेर आल्यावर मी "कसा गेला?" असं विचारलं नाही. तीच म्हणाली, "चार-पाच प्रश्नांत शेवटी दोन-दोन पर्याय उरले. विचार करून एक-एक निवडला."

निकाल आला. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये तिला आधीपेक्षा बरेच जास्त गुण होते. पण पहिल्या फेरीच्या यादीत नाव लागलं नाही, थोडक्यात हुकलं. दोन-तीन प्रश्नांचा फरक असेल. मी तो आकडा किती वेळा वाचला सांगता येत नाही. आठ दिवस, रोज वीस प्रश्न.

काल संध्याकाळी ती दुसऱ्या फेरीसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरत होती. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "ती एका वर्षाची अट मी मागे घेतली. ते आठ दिवस मिळाले असते तर…"

"माहीत नाही, पप्पा. ते आता कळणारच नाही." तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "आणि नाही लागलं तर पुढच्या वर्षी काय करायचं, ते मी ठरवीन. तुम्ही अट घालू पण नका आणि मागे पण घेऊ नका."

मी बरं म्हटलं. तिने लांबचं एक कॉलेज वर सरकवलं, मग थांबली, थोडा विचार करून ते परत खाली आणलं. का, ते मी विचारलं नाही. यादी लागायला अजून सहा दिवस आहेत.