शेवंताचा लाडू

डब्याच्या तळाशी लाडवाचा चुरा साचतो, तसे दवाखान्यातले किस्से माझ्याकडे साचलेत. महाराष्ट्र नुकताच झाला होता. नांदुऱ्यात टीबीच्या गरीब पेशंटना दवाखाना औषध द्यायचा आणि आमचं भजनी मंडळ कणीक-गूळ-शेंगदाण्याचे लाडू. रिकाम्या पोटी गोळ्या उलटून पडत, म्हणून डॉक्टरांचा नियम होता : लाडू आमच्यासमोर खायचा, मग गोळी.

*

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काकू, चव तरी बघा." माझा सोमवार होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार. गुरुवारी ते कंपाउंडरला म्हणाले, "यांचंही वजन करत जा."

*

शेवंता कापसाच्या जिनात कामाला. नुसता हाडांचा सापळा. पदराआड तोंड हलवायची, गोळी गिळायची आणि दाराबाहेर जाऊन ओकायची. एकदा खोकल्याची उबळ आली आणि पदरातून लाडू गडगडत डॉक्टरांच्या बुटाशी गेला.

"थो कालचा हाय," शेवंता म्हणाली.

*

मग खरं कळलं. तिनं देवीला नवस बोलला होता, बरी होईपर्यंत गोड खाणार नाही. लाडू घरी लेकरांना जात होते.

"अशानं ही दिवाळी बघणार नाही," डॉक्टर मला म्हणाले. "काकू, ही केस तुमच्या खात्यातली."

मी लाडू देवीपुढे ठेवून आणले. "हे गोड नाही माय, प्रसाद हाय. प्रसादाले नाही म्हनू नये."

शेवंतानं लाडू कपाळाला लावला आणि रांगेतल्या सगळ्यांना चिमूट चिमूट वाटून टाकला.

"परसाद एकटीनं खात असतेत काय, काकू?"

*

तोडगा मंडळातल्या सखूबाईंनी काढला. आधी शेवंताच्या लेकरांना घरी डबा, मग सगळ्या रांगेला प्रसादाचे लाडू, आणि सर्वांत शेवटी शेवंताला. "आता कोनाले देतं, सांग?"

शेवंतानं इकडेतिकडे पाहिलं. डॉक्टरांनी लाडवासाठी हात पुढे केलाच होता, कंपाउंडरनं तो मागे ओढला.

तिनं खाल्ला. त्या दिवशी गोळी पोटात राहिली.

*

पुढच्या वर्षी तिच्या छातीचा फोटो स्वच्छ आला. नवस फेडून शेवंता थेट माझ्या घरी आली. गाल भरलेले, हातात स्वतः वळलेले लाडू.

"देवीचा परसाद हाय, काकू."

"ठेव बाई. आज माझा सोमवार. उद्या खाते."

तिनं पाट ओढला आणि माझ्यासमोर ठाण मांडलं.

"माह्यासमोर खा. आन् हात पदराबाहेर ठेवा."