झऱ्याभोवतीची रेघ

जंगल राखायचा आराखडा गावाला विचारून करा, म्हणून गावसभेच्या अध्यक्षबाईंनी वनखात्याचे उंबरठे झिजवले. शेवटी बैठकीत खुर्ची मिळाली, आणि झऱ्याभोवतीचं रान सगळ्यांना बंद, ही रेघ नकाशावर त्यांनीच ओढली.

मधाची पोळी नेमकी तिथेच. मध काढून जगणारा त्यांचा धाकटा भाऊ एका शब्दाने भांडला नाही. शहरात जाऊन पहारेकरी झाला.

काही वर्षांनी तो आला. रान दाट झालं होतं, झरा भर उन्हाळ्यात वाहत होता. बहिणीच्या ओट्यावर बसून त्याने तिकडे बोट दाखवलं.

"आत जायला अर्ज कुठे करायचा, अध्यक्षबाई?"

आजवर तो त्यांना ताई म्हणत आला होता. टोमणा असता तर त्यांनी पचवला असता. तो खरंच विचारत होता.